गोमा, दमाम आणि दूरचे नातेवाईक



कविसंमेलन संपलं, की चहा घेताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘मराठी छान लिहिता हो तुम्ही. पण मूळचे कुठले?’ मी सांगतो, ‘बोदलकशाचा. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका. तलाव आहे बघा मोठा.’ विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. ‘ते झालं, पण त्याच्या आधी?’ त्याच्या आधी माझे आजोबा होते, आणि तेही इथेच धान पिकवत होते. मग तो गृहस्थ बिस्कीट उचलतो.

विचारणारे वाईट नसतात. पण हाच प्रश्न माणूस स्वतःला विचारतो तेव्हा तो वेगळा होतो. नास हा अमेरिकेतला रॅपर. रॅप म्हणजे तालावर झपाझप म्हटलेली कविता. आमच्या झाडीपट्टीतल्या खडी गमतीत दोन शाहीर डफावर एकमेकांना अडवतात, त्याच्याजवळची गोष्ट. नास न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वस्तीत वाढला. वडील ओलू दारा जाझ वाजवणारे, मिसिसिपीकडचे. तिथल्या काळ्या घराण्यांची वाट मागे मागे गेलं की गुलामांच्या जहाजापाशी संपते. पलीकडचं गाव माहीत नाही, भाषा माहीत नाही, आडनावदेखील बहुधा मालकाचं. 2010 साली नासने बॉब मार्लेचा मुलगा डेमियन याच्यासोबत एक अल्बम काढला, ‘डिस्टंट रिलेटिव्हज’, म्हणजे दूरचे नातेवाईक. त्यातल्या पहिल्याच गाण्याखाली मुलातू अस्तातके या इथिओपियाच्या संगीतकाराची जुनी धून आहे. दुसऱ्या एकात मालीच्या अमादू आणि मरियम या अंध जोडप्याच्या गाण्याचा तुकडा आहे. गाव सापडलं नाही, तर सूर धरून निघायचं, असा तो प्रवास आहे.

इथिओपिया म्हटलं की आपल्याला दूर जायची गरज नाही. तिथे जन्मलेला एक मुलगा गुलामांच्या बाजारांतून विकला जात दख्खनला पोचला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. तो मलिक अंबर. त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथे नहरीने पाणी आणलं. 1624 मध्ये भातवडीला त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. 1626 मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे. जमीन महसूल, गनिमी कावा, सगळं पाठ्यपुस्तकात येतं. मात्र आईजवळ ऐकलेलं गाणं त्याच्यासोबत कुठवर आलं, याची नोंद कुठल्याच दरबाराने ठेवली नाही. इतिहास लढाया मोजतो, अंगाई मोजत नाही.

दुसरी गोष्ट नाशिकची. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजं पकडायचं. त्यांतून सुटलेल्या कित्येक आफ्रिकी मुलांना नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये ठेवलं. तिथे ती शिकली, हातात कसब आलं. पुढे 1874-75च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रीअर टाउन नावाची वस्ती उभी राहिली आणि त्यांतले बरेच जण तिकडे गेले. इतक्या वर्षांनी आफ्रिकेला परतले, तर तिथे त्यांना नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन’! इथे हबशी, तिथे मुंबईकर.

आता ज्यांनी सूर राखला, त्यांच्याकडे येतो. गुजरातेत राजपिपळ्याजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. हा हबशी पीर, अकीकच्या खाणींचा राखणदार. तिथले सिद्दी घरात गुजराती बोलतात. आफ्रिकेची भाषा पिढ्यांमागे गेली. पण दर्ग्यात जे नाचतात-गातात त्याला ते म्हणतात गोमा. स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. शब्दाचं एक अक्षर झिजलं, एवढंच. पायांवर उभा राहणारा मुगरमान हाताने बडवतात. भोपळा बांधलेलं एकतारी धनुष्य म्हणजे मलुंगा. ब्राझीलमध्ये नेलेल्या आफ्रिकी गुलामांच्या वंशजांकडे असंच वाद्य आहे, त्याला बेरिंबाव म्हणतात. नारळाच्या करवंटीचा खुळखुळा असतो, त्याला नाव बावा गोरच्या बहिणीचं, माई मिसरा. गाण्यांत मधूनच असे शब्द येतात ज्यांचा अर्थ गाणाऱ्यालाही सांगता येत नाही. तरी तो ते गाळत नाही. कवी म्हणून मला याचा हेवा वाटतो. आम्ही अर्थासाठी शब्द बदलत राहतो. इथे अर्थ गेला, तरी माणसं शब्द सोडत नाहीत.

कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरच्या जंगलातले सिद्दी कोकणी बोलतात, त्यात मराठी भरपूर मिसळलेली. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत. दमाम नावाचा ढोल मात्र तिघांचा एकच. तो वाजला की सगळे उठतात.

माझा पुतण्या तिरोड्याच्या पोरांसोबत रॅप करतो. शब्द झाडीबोलीतले, ताल मोबाईलमधला. त्याला मी गोम्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. त्याने तीनदा ऐकलं. मग म्हणाला, ‘चाचा, हा ठेका उचलला तर आपलं गाणं जबरदस्त होईल.’

मी म्हटलं, ‘उचलू नको. अहमदाबादच्या गाडीत बस, भरूचला उतर, रतनपूरला जा. वाजवणाऱ्याशेजारी बसून शीक आणि त्याला विचार, घेऊ का म्हणून. तो हो म्हणाला, तर गाण्यावर आधी त्याचं नाव टाक.’

‘आणि नाही म्हणाला तर?’

‘तर दर्ग्यात ऐकून ये. आपल्याकडे खडी गमतीचा डफ आहेच.’