पैसा नुसताच वंगण आहे का?

आज डोक्याला थोडा खुराक. समजा, आज रात्री चमत्कार झाला आणि देशातल्या प्रत्येकाच्या खिशात गुपचूप पैसे येऊन पडले. उद्या आपण सगळे श्रीमंत?

हा प्रश्न डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश विचारवंताने १७५२ मध्ये विचारला होता. त्याने माणशी पाच पौंड धरले होते. त्याचं उत्तर : नाही. माल तेवढाच, मग भाव चढणार. पैसा म्हणजे व्यापाराचं चाक नव्हे, चाकाला लावायचं तेल. १७७६ मध्ये ॲडम स्मिथने पैशाला रस्त्याची उपमा दिली. रस्त्यावरून धान्य बाजारात जातं, पण रस्त्यावर धान्य पिकत नाही. सोनं साठवलं की देश श्रीमंत, असं मानणाऱ्यांना हे उत्तर होतं.

पण ह्यूमने पुढे जे म्हटलंय ते लोक गाळतात, आणि मला तेच जास्त आवडतं. खऱ्या जगात नवा पैसा सगळ्यांकडे एकदम पोचत नाही. आधी तो काही व्यापाऱ्यांच्या हाती येतो, ते जास्त माणसं कामाला लावतात, आणि भाव मागाहून, हळूहळू चढतात. त्या मधल्या काळात धंद्याला खरंच जोर येतो.

आता १७९७. फ्रेंच सैनिक वेल्सच्या किनाऱ्यावर उतरले, लोक घाबरून सोनं काढायला धावले, आणि बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. पुढे सोन्याचा भाव चढला. टाकसाळीचा दर औंसाला ३ पौंड १७ शिलिंग साडेदहा पेन्स, आणि १८०९ मध्ये बाजारात साडेचार पौंडांच्या आसपास! डेव्हिड रिकार्डो म्हणाला, सोनं महागलेलं नाही, नोटा जास्त छापल्यात म्हणून त्या स्वस्त झाल्यात. (हा गडी स्वतः रोखे बाजारात गब्बर झालेला, बरं का!)

शेवटी १८१९ मध्ये कायदा झाला आणि १८२१ मध्ये नोटांना पुन्हा सोनं मिळू लागलं. भाव थोडेच उतरतील असा रिकार्डोचा अंदाज होता. ते बरेच उतरले. युद्धाच्या महागाईत कर्ज काढलेल्या शेतकऱ्याचं काय झालं असेल, बघा. शेत तेवढंच, कर्जाचा आकडाही तोच. फक्त तो फेडायला आता गव्हाची जास्त पोती विकावी लागत होती.