रजेचे २६ आठवडे



तुमच्यापैकी बहुतेकांची मुलं दहावी-बारावीत. माझी थोरली अडीच वर्षांची, धाकटा पाच महिन्यांचा. तान्ह्याला तेल लावून अंघोळ घालावी (धुरी डॉक्टरांनी बंद करायला लावली, आईला अजून पटलेलं नाही), तोवर थोरली वरणभात पालथा घालते. परवा ती त्याच्या दुपट्यात शिरून म्हणाली, "मला पण बाळ कर." तिला कडेवर घेतलं, तर तो रडायला लागला.

२०१७च्या कायदादुरुस्तीने मिळालेली २६ आठवड्यांची रजा पुढच्या महिन्यात संपते. राजीनामा टाइप करून ठेवलाय, पाठवलेला नाही.

गणिताच्या बाई, तुम्ही मधल्या सुट्टीत तान्ह्या बाळासाठी धावत घरी जायचात. आम्ही हसायचो. आज जेवायला तुमच्या शेजारी बसणार आहे. कसं जमवलंत, सांगाल?