भीतीशी सामना आणि औषधाची जोड



मी बँकेतला कारकून, डॉक्टर नव्हे. तरी या विषयावर बोलतो, कारण हा आजार मी भोगला आहे. कॅश जुळली, ड्रॉवरला कुलूप लागले, तरी अर्ध्या वाटेवरून मी ते पाहायला परत फिरे. तेही चार-चार वेळा. लोक 'मंत्रचळ' म्हणून हसतात. पण हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहे.

१९६६ साली लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी एक रीत मांडली. भीतीला सामोरे जायचे. पण पुन्हा धुणे, पुन्हा तपासणे टाळायचे. मलाही डॉक्टरांनी हाच सराव दिला. कुलूप एकदाच लावायचे आणि थेट प्रीतिसंगमावर जाऊन बसायचे. छाती धडधडे, पण काही वेळाने आपोआप शांत होई. जुनी भीती पुसली जात नाही. 'न तपासताही निभावते' हा नवा धडा मेंदू शिकतो.

हा धडा औषधाने पक्का होईल काय? वानलेसवाडीच्या क्षयरोग रुग्णालयामुळे आपल्या भागाला क्षयरोगाची ओळख आहे. त्या रोगावरचे एक जुने औषध म्हणजे सायक्लोसेरिन. ते मेंदूतील शिकण्याच्या क्रियेला मदत करते, असे आढळले. २००४ साली अमेरिकेतील अटलांटा येथे उंचीची भीती असणाऱ्यांना संगणकावरील आभासी काचेच्या लिफ्टमध्ये चढवण्यापूर्वी ते दिले गेले. त्यांची भीती अधिक कमी झाली.

मात्र २०१७ साली २१ प्रयोगांतील १,०४७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा फायदा दिसला तो अल्पच. शिवाय सराव संपताना भीती चढलेलीच असेल, तर तीच पक्की होण्याचा धोका काही अभ्यासांत दिसला. म्हणून हा उपचार अजून नित्याचा झालेला नाही. ते औषध मनाने घेणे घातकच.

फ्लुओक्सेटीनसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या रोज घ्याव्या लागतात, गुण यायला काही आठवडे लागतात आणि सरावाच्या जोडीने त्या अनेकांना उपयोगी पडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नयेत.

विद्यार्थी मित्रहो, गोळी हात देईल, पण पाऊल आपणच टाकायचे. आणि आजार लपवू नका. मी लपवला, त्यात माझी सात वर्षे गेली. शासनाची 'टेलिमानस' ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. तेवढा एक फोन करा.