सात-बारा नसला तरी शेतीत वाट आहे
(रहिमतपूर येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थी-पालकांसमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी कॉम्प्युटरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. पण मघाशी एका पालकांनी विचारलं, "पोरगं शेतीचं शिकायचं म्हणतंय. आपल्याकडं गुंठाभर रान नाही. मग उपयोग काय?" आज याच प्रश्नावर बोलतो.

आपल्यातली बागवान कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या फळं-भाजीच्या व्यापारात आहेत. इथं आल्याचा भाव गाडीवर ठरतो आणि गाडी म्हणजे ५०० किलो, हे त्या घरातल्या शाळकरी पोराला माहीत असतं. नवं आलं कुठलं, जुनं कुठलं, ते हातात घेऊन सांगतं. हे शिक्षणच आहे, फक्त त्याला कागद नाही. खत-औषधांच्या दुकानाचा परवाना काढायला गेलं, की पहिल्यांदा शैक्षणिक पात्रता विचारतात. तिथं आपण अडतो.

मी इंजिनिअर झालो तेव्हा घरचे म्हणाले, "पोरगं मंडईतून सुटलं." मलाही तसंच वाटलं होतं. आज त्याचं वाईट वाटतं.

आता वाटा सांगतो.

दहावीनंतर दोन वर्षांची कृषी पदविका मराठीतून करता येते. बारावी सायन्सनंतर सीईटी देऊन चार वर्षांचं बीएससी ॲग्री आहे. उद्यानविद्या, अन्न तंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी हेही पर्याय आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं महाविद्यालय जवळच कराडला आहे. घरचा सात-बारा असेल तर प्रवेशात फायदा होतो, पण नसेल म्हणून दार बंद होत नाही.

पदवी किंवा पदविकेनंतर केंद्राची ॲग्री क्लिनिक योजना आहे. ती २००२ पासून चालू आहे. हैदराबादच्या मॅनेज संस्थेमार्फत ४५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. नंतर व्यवसायासाठी बँकेचं कर्ज घेतलं, तर अनुदान ३६ टक्के, महिलांना ४४ टक्के. मुलींच्या आयांनो, हा आकडा लक्षात ठेवा.

पदवी नको असेल, तर तळेगाव दाभाडेला पणन मंडळाच्या प्रशिक्षण केंद्रात हरितगृहाचे आणि काढणीनंतरच्या हाताळणीचे छोटे कोर्स होतात. साताऱ्याजवळ बोरगावला कृषी विज्ञान केंद्र आहे.

एक सावधगिरीही सांगतो. बीएससी ॲग्री झालेली कितीतरी मुलं पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या मागं वर्षानुवर्षं बसतात. जागा थोड्या, अर्ज फार. परीक्षा जरूर द्या, पण किती वर्षं द्यायची ते आधी ठरवा.

इथं काम कमी नाही. पावसाळ्यात कंदकूज आली की आल्याचा प्लॉट हातचा जातो. तेव्हा दुकानदार देईल ते औषध न मारता रान बघून सल्ला देणारं माणूस लागतं. आलं धुऊन, प्रतवारी करून लांबच्या बाजाराला पाठवणारं माणूस लागतं. सुंठ करून विकणारंही लागतं. यातल्या एकाही कामाला स्वतःची जमीन लागत नाही.

त्या पालकांना माझं उत्तर एवढंच: चाचा, पोराला घेऊन या आठवड्यात बोरगावला जाऊन या. प्रशिक्षण कधी आहे, पात्रता काय, खर्च किती, एवढं विचारा. आणि बाजाराचं जे तुम्हाला कळतं, ते त्याला आतापासूनच शिकवायला लागा. ते कुठल्याच कॉलेजात मिळत नाही.