पडदा ओढणाऱ्याचंही नाव



आपण दिंडोशीची मुलं. शेजारीच चित्रनगरी, त्यामुळे भव्य सेटचं आपल्याला अप्रूप नाही. पण भव्यता वेगळी आणि कल्पकता वेगळी, हे मला उमगलं बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘जाणता राजा’मुळे.

हे महानाट्य १९८५ साली रंगमंचावर आलं. २००हून अधिक कलाकार, शिवाय हत्ती, घोडे, उंट! एवढ्या मोठ्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत संवाद पोचणार कसे? ते आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. त्यामुळे सगळ्यांच्या हालचाली एकाच आवाजावर बसतात आणि ज्यांचा आवाज पोचत नाही अशा हौशी मंडळींनाही जागा मिळते. आम्ही सॉफ्टवेअरवाले शेकडो यंत्रं एका घड्याळावर चालवतो, तसंच हे. एका युक्तीत दोन अडचणी सुटतात. कल्पकता म्हणतात ती हीच.

आज हे सांगण्याचं कारण आहे. हल्ली अनेक शाळांची स्नेहसंमेलनं कंत्राटावर जातात. एलईडी पडदा येतो, नाच बसवणारे येतात. मुलं नेमून दिलेल्या जागी उभी राहतात. आपण पुठ्ठ्याचा गड स्वतः रंगवायचो. पडदा ओढणाऱ्याचंही नाव बाई माइकवरून घ्यायच्या.

म्हणून विनंती एवढीच: पुढच्या संमेलनाला वर्गणी देऊच, पण वेळही देऊ. ध्वनी, प्रकाश, नेपथ्य शिकवायला आपल्यापैकी काहींनी शनिवारी शाळेत यावं. ध्वनीची बाजू मी घेते. बाकीच्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावं द्यावीत.