परसातली फरशी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



पंचवीस वर्षांच्या चांगल्या आठवणी सगळ्यांनी सांगितल्या. मी माझी एक चूक सांगणार आहे.

आमचं परस वीस फूट लांब. घराच्या पायरीपासून मागच्या भिंतीपर्यंत जमीन सव्वा फूट उतरती. पावसाळ्यात नुसता चिखल. म्हणून शहाबादी फरशी आणली आणि मिस्त्रींना म्हटलं, "आहे त्या जमिनीवरच बसवा." ते म्हणाले, "सर, काळी माती हाय, फुगंल." मी ऐकलं नाही. चार पैसे वाचवले.

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर्षभरातच फरशा डुगडुगायला लागल्या. एका उचललेल्या कडेला अडखळून आई पडली, मनगट मोडलं. शिवाय सगळं पाणी भिंतीखालून मागच्या अण्णांच्या परसात. ते दोनदा सांगायला आले. मी म्हणालो, "पाणी उताराकडंच जाणार की!" मग वर्षभर आमचं बोलणं बंद.

हाताला प्लास्टर असताना आईच एक दिवस म्हणाली, "फरशी नंतर कर, आधी अण्णांकडं जा." गेलो, चुकलो म्हणालो. अण्णांनी चहा पाजला आणि म्हणाले, "चल, आधी लेव्हल बघू." लेव्हलची पाण्याची नळी एकट्याला धरता येत नाही. एक टोक मी धरलं, भिंतीपलीकडून दुसरं अण्णांनी.

या वेळी सगळं उकरलं. नऊ इंच काळी माती काढली. मुरूम तीन-तीन इंचांच्या थरांनी टाकला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस केला. त्यावर दोन इंच कच. सव्वा फुटाचा उतार एकदम न देता सहा-सहा इंचांच्या दोन पायऱ्या काढल्या. उरलेले तीन इंच वीस फुटांत वाटून दिले. म्हणजे दहा फुटांना दीड इंच. पाय घसरत नाही, पाणीही साचत नाही. भिंतीच्या अलीकडं नाली काढून पाणी बाजूनं रस्त्याच्या गटारीला नेलं. फरशी खरबरीत घेतली, गुळगुळीत नाही. लाकडी ठोकळ्यानं ठोकून, दोरीला धरून एकेक बसवली.

पंचगंगेचा घाट दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो, पाणी उतरलं की पायऱ्या जागच्या जागी. तो दगड आपण लहानपणापासून बघतोय, पण त्याच्या खालचं काम कुणाला दिसत नाही. माझ्या पहिल्या फरशीत नेमकं तेच नव्हतं.

तरुण सभासदांना दोन गोष्टी सांगतो. शहाबादी दगड चुनखडीचा असतो; शेवाळ काढायला त्यावर अॅसिड ओतू नका, दगड खातं. खराट्यानं घासा. आणि काम काढायच्या आधी खालच्या घरी जाऊन विचारा, "पाणी कुठं सोडू?" आपल्या सोसायटीत प्रत्येकाच्या खाली कुणीतरी राहतंच.

आई आता रोज सकाळी काठी न घेता तुळशीपर्यंत जाते. धुमस माझ्याकडं आहे, कुणाला लागला तर घेऊन जा. नळीचं दुसरं टोक धरायला अण्णा येतो म्हणालेत.