कोठडी आणि जात

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीचा तुरुंग फार दूर नाही. १९२१ साली अंदमानातून परत आणलेल्या सावरकरांना पुढे तेथेच डांबले होते. लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात १८४२ पासून कैद्याला एकटे कोंडण्याची पद्धत रुजली. तिचेच राक्षसी रूप म्हणजे १९०६ साली पुरे झालेले सेल्युलर जेल. मध्ये मनोरा, भोवती सात इमारती, ६९८ कोठड्या. एकीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. माणसाला माणूस दिसू नये, ही शिक्षा तेथे गवंड्याकडूनच बांधून घेतली.

आणि एवढ्या काटेकोर साहेबाने जातीला मात्र हात लावला नाही! स्वयंपाक कोणाचा, झाडू कोणाचा, हे तुरुंगातही जन्मावर ठरे. स्वतंत्र भारतातील अनेक राज्यांच्या नियमावल्यांनीही तेच चालू ठेवले. ती कलमे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये.